दादाच्या गिटारीला लो इंपीडन्स

३ फेब्रुवारी

वहिनी आल्या होत्या, दादाची गिटार घेऊन. दोन मार्चला दादाचा वाढदिवस. त्याच्या बँडचे लोक त्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये त्याची गाणी वाजवणार आहेत, त्याच्याच गिटारीवर. तो जाऊन चार महिने झाले.

वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तुमचा हात हलका आहे, फक्त नव्या तारा चढवून द्या. बाकी कशाला हात लावू नका. मी बरं म्हटलं.

दिवसभर लोकांच्या कवळ्या आणि कॅप तयार करणाऱ्या माणसाला तारा चढवणं म्हणजे पोरखेळ. उद्या उरकतो.

४ फेब्रुवारी, दुपार

फक्त तारा. ठरलं.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ

तारा काढल्यावर खाली धूळ दिसली. धुळीवर नव्या तारा चढवणं माझ्या स्वभावात नाही. धूळ नीट काढायची तर पुढची प्लेट काढावी लागते. याला हात लावणं म्हणता येणार नाही. ही साफसफाई झाली.

प्लेट काढली. आत माझे पिकअप नाहीत.

५ फेब्रुवारी

रीतसर लिहून काढतो, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

तीन वर्षांपूर्वी मी दादाला लो इंपीडन्स पिकअपची जोडी भेट दिली. पिकअप म्हणजे गिटारीच्या तारांखाली बसते ती चपटी डबी. आत लोहचुंबक, त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. साध्या पिकअपमध्ये वेढे हजारोंनी, त्यामुळे आवाज दणकट, पण मागे सतत घूं घूं. लो इंपीडन्समध्ये वेढे मोजके आणि घूं गायब. हे मी एका लेखात वाचलं आणि दादाला दोन तास समजावलं. त्याला एकदम पटलं. तो मध्ये एक शब्द बोलला नाही.

दीड वर्षापूर्वी त्याने गिटारवाल्याकडून ही गिटार मुद्दाम बनवून घेतली. मी विचारलं, माझे पिकअप? तो म्हणाला, बसवलेत की, ऐक. मी ऐकलं. पहिल्याच सुरात फरक कळला. असा स्वच्छ आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी तालमीला गेलो की बँडमधले लोकही म्हणायचे, काय स्वच्छ आवाज आहे हो.

आणि आता आत भलतेच पिकअप. मोठे, जाडे, ओबडधोबड. म्हणजे गिटारवाल्याने दादाचे चांगले पिकअप काढून घेतले आणि हे गळ्यात मारले. कधी? बहुधा गेल्या ऑगस्टमध्ये, दादाने गिटारीची वाकलेली मान सरळ करायला दिली होती तेव्हा. मेलेला माणूस तक्रार करणार नाही. पण त्याचा भाऊ जिवंत आहे.

७ फेब्रुवारी

गिटारवाल्याकडे गेलो. आवाज न चढवता बोलायचं ठरवलं होतं, तसाच बोललो. आवाज इतका खाली गेला की त्याने तीनदा विचारलं, काय?

मी म्हटलं, दादाचे लो इंपीडन्स पिकअप कुठे आहेत. तो पॉलिश करत होता, थांबला. माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. मग उठून मागच्या फळीवरून डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. माझे पिकअप. सील न फोडलेले.

इतक्या पटकन चोरीचा माल बाहेर येईल असं वाटलं नव्हतं. मी विचारलं, हे तुमच्याकडे कसे. तो म्हणाला, तुमच्या भावानेच ठेवायला दिले होते. मी म्हटलं, अस्सं. तो म्हणाला, साहेब, मला यात ओढू नका, घरी वहिनींना विचारा. चोर माणूस लगेच बायकांच्या पदराआड जातो.

निघताना म्हणाला, बसवायचे असतील तर नुसते बसवू नका, यांचा सिग्नल बारीक असतो, तो वाढवायला आत छोटा प्रीअँप लागतो, मी लावून देतो. म्हणजे वर आणखी धंदा. मी डबा उचलून निघालो.

सील न फोडलेलं कसं, हा प्रश्न रस्त्यात मनात आला. त्याने पुन्हा पॅक केले असणार.

८ फेब्रुवारी

वहिनींना काही सांगायचं नाही. त्यांना आधीच दुःख कमी आहे का. गुपचूप दादाची गिटार दादाची करून द्यायची.

पुरावा म्हणून खोटा पिकअप उघडून बघितला. मेण वितळवलं, ब्लेडने कडेने चीर दिली. आतली तार ब्लेडबरोबर बाहेर आली, आणि येतच राहिली. काय ते काम. वेढे एकीकडे ढीगभर, दुसरीकडे नावाला. मध्येच तार तुटली म्हणून जोड दिलेला, एक नाही, चार ठिकाणी. शेवट बांधायला शिवणाचा लाल दोरा. अशी कवळी मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवली असती तर त्यांनी दुसऱ्या दिवशी लॅब बदलली असती.

दुसरा पण उघडला. तसाच. समाधान वाटलं.

१२ फेब्रुवारी

अडचण. माझे पिकअप लहान आहेत, लाकडातली खोबण मोठी. म्हणजे खोबणसुद्धा गिटारवाल्याने नंतर कोरून मोठी केली. किती पूर्वतयारी.

उपाय लगेच सुचला. कवळीचं ॲक्रिलिक. साचा घेतला, भरलं, घासलं, पॉलिश केलं. एक केसही जाणार नाही असं बसलं. रंग तेवढा हिरडीचा आहे, लॅबमध्ये तोच असतो. लांबून बघितलं तर पिकअप दातांसारखे दिसतात. हॉलमध्ये लोक लांबच बसतात.

जेवताना वाटलं, दादाला फोन करून सांगावं. मग भाजी वाढून घेतली.

१६ फेब्रुवारी

पिकअपच्या वायरींना सोल्डरचे डाग दिले. आमच्या कामात याहून बारीक डाग असतात. नव्या तारा चढवल्या. डब्यात एक कागद होता, त्यावर प्रीअँपबद्दल तेच लिहिलंय जे गिटारवाला बोलला. कंपन्या आणि दुकानदार यांचं साटंलोटं असतं.

अँप, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारा स्पीकर, लावला. बटण निम्म्यावर ठेवून एकेक तार छेडली. शांतता. घूं बिलकुल नाही. बटण शेवटपर्यंत नेलं. आता गिटारसुद्धा ऐकू आली. नाजूक, पण किती शुद्ध. खिडकी लावल्यावर, पंखा बंद केल्यावर आणि अँपशी कान नेल्यावर तर अप्रतिम.

हाच तो आवाज. पहिल्या दिवशी ऐकला होता तोच.

२० फेब्रुवारी

आवाज थोडा कमी आहे का? नाही. इतकी वर्षं गोंगाट ऐकून लोकांचे कान बधिर झालेत. माझा अँपही जुना आहे. घराची वायरिंगही. हवाही दमट.

हॉलमध्ये मोठा अँप असणार.

२३ फेब्रुवारी

मास्तर गिटार न्यायला आले. बँडमध्ये ड्रम वाजवतात, एरवी लोकांना गाडी शिकवतात, म्हणून मास्तर. सोफ्यावरही असे बसतात की पाय ब्रेकवर.

मी कव्हर काढलं. मास्तर बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, हे गुलाबी काय आहे. मी सगळं सांगितलं. गिटारवाल्याची लबाडी, डबा, सगळं. वाटलं होतं, उठून मिठी मारतील. मास्तरांनी त्या गुलाबी भागावर बोट फिरवलं. मग म्हणाले, आणि आधीचे कुठे आहेत? मी म्हटलं, आहेत उघडलेले, पुरावा म्हणून. मास्तरांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. म्हणाले, अरे देवा, उघडलेत कशाला हो.

गिटार घेऊन गेले. दाराशी वळून म्हणाले, वहिनींशी बोलून घ्या, माझं नाव सांगू नका. आभार मानायचे राहिले, गडबडीत असतील.

२४ फेब्रुवारी

तालमीहून मास्तरांचा फोन. म्हणाले, अँप चालू आहे की नाही यावर आमची अर्ध्या तासाची भांडणं झाली. शेवटी गाणाऱ्याने गिटारीला कान लावला, तेव्हा कळलं की चालू आहे. म्हणाले, ड्रमची काडी हवेत फिरवली तरी त्याच्यापेक्षा जास्त आवाज येतो.

ड्रम वाजवणाऱ्याकडून सुराची समज अपेक्षित नाही. तरी रात्री जेवण गेलं नाही.

२५ फेब्रुवारी

वहिनींकडे गेलो. त्यांना मास्तरांनी पिकअप बदलल्याचं सांगितलं होतं. पडदे शिवत होत्या, मशीन थांबवलं नाही. मशीनच्या आवाजातच बोलल्या.

ते पिकअप गिटारवाल्याने लावले नव्हते. दादाने स्वतः केले होते. इथेच, या मशीनवर. वहिनी चाक फिरवायच्या, दादा चिमटीतून तार सोडायचा. गिटार आली त्या वर्षीचा सगळा जुलै त्यात गेला. तार तुटली की दादा मशीनला शिव्या घालायचा, मग वहिनी मशीनची बाजू घ्यायच्या, मग दोघं हसत बसायची. म्हणाल्या, तितकं हसणं लग्नाच्या पहिल्या वर्षीही झालं नव्हतं. दादाला दणकट आवाजच हवा होता. घूंसुद्धा. म्हणायचा, घूं आहे तोवर गिटार जागी आहे असं वाटतं.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही तो डबा दिलात तेव्हा इतके खुशीत होतात, त्यांच्या तोंडून नाही हा शब्द निघेना. मग तुम्ही दरवेळी विचारू लागलात. मग त्यांनी एकदा बसवलेत म्हणून सांगून टाकलं, आणि आम्हा सगळ्यांना बजावलं की भाऊ आला की म्हणायचं, काय स्वच्छ आवाज.

सगळ्यांना. मास्तरांना, गाणाऱ्याला, गिटारवाल्याला. वर्षभर. मी तालमीत शिरलो की एकेकजण उठून म्हणायचा, आणि मी मान डोलवायचो. दादा तर डोळे मिटून वाजवत असायचा. मला वाटायचं, तल्लीन झालाय. हसू दाबत असणार.

वहिनींनी मशीन थांबवलं. विचारलं, आहेत ना ते नीट? मी म्हटलं, आहेत. हे खोटं नाही. मी तार परत गुंडाळून देणार आहे, म्हणजे ते नीट असतीलच.

२७ फेब्रुवारी

सुट्टी घेतली. भिंगाखाली तार गुंडाळायला बसलो. श्वास लागला तरी तुटते. दुपारपर्यंत जेवढी गुंडाळली त्याहून जास्त तुकडे झाले. मशीन नाही, चाक फिरवायला कुणी नाही. चिडून दादाला बोललो. मोठ्याने. मला फसवायला तुला सगळे मिळाले आणि मलाच तेवढं वगळलंस. शेजारच्यांनी बेल वाजवून विचारलं, कुणी आलंय का.

२८ फेब्रुवारी

तारेचा गुंता एका डबीत भरून वहिनींकडे नेला. त्यांनी उघडून बघितला. त्यातला लाल दोरा तेवढा काढून घेतला आणि बोटाला गुंडाळत बसल्या. मी बराच वेळ उभा होतो. माफी मागायची म्हणून वाक्यं घरून ठरवून गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते गिटारवाल्याबद्दलच.

२ मार्च

कार्यक्रम झाला. गिटारवाल्याने कालच माझे पिकअप काढून दुकानातली साधी तयार जोडी बसवली होती. हिरड्या फोडून काढल्या म्हणे, फार त्रास झाला. तो पहिल्या रांगेत होता. मी त्याची माफी मागणार होतो, त्याने आधीच हात जोडून खुर्ची बदलली.

मास्तरांच्या पुतण्याने वाजवलं. दुसऱ्या गाण्यात मागे सगळे डोळे पुसत होते. गाणारा माईकवर म्हणाला, अगदी त्यांचाच आवाज. मी कान देऊन ऐकलं. दादाच्या हातच्या पिकअपमध्ये आणि या दुकानातल्यांमध्ये फरक असणारच. मला कळला नाही. खरं तर माझ्या लो इंपीडन्समध्ये आणि यांच्यातही, मोठा की बारीक एवढाच कळला.

वहिनी दुसरं गाणं संपायच्या आत उठून बाहेर गेल्या.

३ मार्च

सकाळी वहिनी आल्या. गिटार दारातच भिंतीला टेकवली. म्हणाल्या, ही ठेवा तुमच्याकडे. मी म्हटलं, अहो वहिनी, ही दादाची. त्या म्हणाल्या, लाकूड त्यांचं आहे. काल ऐकलं मी, त्यात आता ते नाहीत, मी पण नाही. मला ती घरात बघवत नाही. तुम्हाला हवं ते बसवा, आता तुम्हाला कुणी फसवणार नाही.

चिडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाईंची कवळी राहिली होती ती पूर्ण केली, पाठवून दिली. दुपारी गिटार आत आणली, पुसली, मांडीवर घेऊन बसलो. नीट धरता येईना.

मला गिटार वाजवता येत नाही.