रंगुबाईंच्या अर्जाबाबत आणि माझ्या मिळकतीबाबत

मी, नाथाजी गणपत साळुंखे, वय वर्षे बहात्तर, लष्करी बँडमधून निवृत्त हवालदार, त्यानंतर कुपवाड येथे लेथचा धंदा, सध्या राहणार गोडोली, सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डावा गुडघा सोडला तर शरीराची तक्रार नाही. मला हे लिहायला कोणी लावलेले नाही. उलट पत्नी बनुबाई सकाळपासून म्हणते आहे, "एवढं कशापायी लिवत बसलाय? तोंडानं सांगा की." परंतु जे कागदावर यायला हवे होते ते न आल्याने काय होते, हे मी एकदा पाहिले आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. गोडोलीचे घर माझ्या निवृत्तिवेतनातून आणि लेथच्या कमाईतून बांधलेले आहे. ते वडिलोपार्जित नाही. माझ्या पश्चात बनुबाईने त्यात हयातभर राहावे. तिच्यानंतर घर माझी मुलगी राजेश्वरी हिचे एकटीचे. "लेक परक्या घरची" असे मला तीन वेळा ऐकवून गेलेल्या भावकीला या घराचा उंबराही मिळणार नाही. सुतकात चहा अवश्य द्यावा.

कलम २. कुपवाडच्या शेडमधील लेथ, ड्रिल मशीन आणि सर्व हत्यारे बिरदेव यास द्यावीत. हा जत तालुक्यातल्या धनगरवाडीचा गडी बावीस वर्षे माझ्याबरोबर त्या लेथवर उभा आहे. हे बक्षीस समजू नये. मशीन त्यानेच जिवंत ठेवले आहे. मी त्याच्याशी कसा वागलो ते पुढे लिहितो.

कलम ३. सन २०११ मध्ये आम्ही काही हौशी माणसांनी सांगलीत एक कलासाहाय्य मंडळ काढले. पगार कोणालाच नाही. वर्गणी गोळा करायची आणि दरवर्षी सातारा-सांगलीतल्या तीन कलावंतांना मदत द्यायची. मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे, म्हणून मला निवड समितीचा प्रमुख केले. नियम एकच मोठा होता. अर्जदार आपल्या नात्यातला असेल तर तसे सांगून बैठकीतून उठायचे. तो नियम माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे.

सन २०१४ मध्ये बिरदेवने त्याच्या आत्याचा अर्ज आणला. आत्याचे नाव रंगुबाई. मेंढरांमागे फिरता फिरता ती बिरोबाच्या ओव्या म्हणे. आठ बायांना त्या शिकवायच्या म्हणून तिला ढोल आणि बसायला जागा हवी होती. तिला लिहिता येत नव्हते. बिरदेवने वहीच्या पानावर लिहिले होते आणि खाली तिचा अंगठा होता. त्याच वर्षी माझ्या बहिणीचा मुलगा ऋषिराज याच्या नाटकमंडळीचाही अर्ज होता, टाइप केलेला, फोटोंसह. आमची आडनावे वेगळी. मी उठलो नाही. आणि रंगुबाईच्या पानावर "अर्ज नियमानुसार नाही" असा शेरा मारला. मनाची समजूत अशी घातली की कामगाराच्या आत्याला दिले तर लोक पक्षपात म्हणतील. भाच्याला देताना लोक आठवले नाहीत.

बिरदेवने पंधरा दिवसांनी विचारले, "आत्याच्या कागदाचं काय झालं, मालक?" मी म्हटले, "बघू." त्यानंतर त्याने कधीच विचारले नाही. नऊ वर्षे तो माझ्यासमोर स्टूलवर बसून डबा खात होता.

सन २०२३ च्या ऑगस्टमध्ये आमच्या सचिव मंगल यांनी जुन्या फायली बाहेर काढल्या. छत्तीस कलावंतांना मदत गेली होती. त्यांत जत, आटपाडी, माण या तालुक्यांतला एकही नाही. त्यांनी बैठकीत सरळ विचारले, "तिकडून अर्ज येत नाहीत, की आपल्यापाशी टिकत नाहीत?"

सगळे पंख्याकडे बघत होते. मी उभा राहिलो आणि वर लिहिले आहे ते सगळे सांगितले. सांगून झाले तेव्हा मला भूक लागली. वर्षानुवर्षे मंडळाच्या बैठकीत मी नुसता चहा पीत असे. त्या दिवशी दोन बटाटेवडे खाल्ले.

मी म्हटले, मला काढून टाका. मंगल म्हणाल्या, "काका, काढून टाकलं तर तुम्ही मोकळे व्हाल. निवड समितीत तुम्ही पुन्हा बसायचं नाही, हे नक्की. पण तुमच्याकडं व्हॅन आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज तोंडी घ्यायचे ठरलंय. तुम्ही आम्हाला घेऊन चला."

पुढच्या रविवारी बिरदेवला शेजारी बसवून मी धनगरवाडीला गेलो. गाडीत त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "मला तवाच कळलं हुतं, मालक. शेरा तुमच्या अक्षरातला. फायल शेडातच पडली हुती." मी विचारले, मग बोलला का नाहीस? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पोरांच्या फिया हुत्या."

रंगुबाई कोकरांना पाला घालत होत्या. मी हात जोडले आणि माझ्या खिशातून मदत देऊ केली. त्यांनी पैशांकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही, पाल्याकडे बघत उत्तर दिले. "तुमचं पैसं नगंत. मी दोन वरसं वाट बघितली. न्हाई म्हणायचं हुतं तर न्हाई म्हणायचं. माझा कागद कुठं हाय?"

कागद फायलीत होता. पुढच्या खेपेस तो घेऊन गेलो आणि त्यांच्यासमोर जुना शेरा न खोडता खाली लिहिले: "हा अर्ज नियमात बसत होता. निवड समितीच्या प्रमुखाने भाच्यासाठी तो बाजूला टाकला." बिरदेवने वाचून दाखवले. रंगुबाईंनी दोनदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "बसा. च्या घ्या."

कलम ४. क्लॅरिनेट ऋषिराजला द्यावे. तो दोन वर्षे माझ्या घरी आलेला नाही. बैठकीची हकिगत कळल्यावर त्याचा फोन आला होता. "मामा, मला वाटायचं ते नाटकाला मिळालं. आता कळलं, ते मामाला मिळालं होतं." मी एका माणसाचे हिरावले असे समजत होतो, ते दोघांचे निघाले. त्याचा राग रास्त आहे. माझ्या दिवसकार्याला त्याने यावे म्हणून कोणी गळ घालू नये. वाद्य मात्र पोचवावे, रीड बदलून.

कलम ५. व्हॅन मंडळाला द्यावी. क्लच कडक आहे. बँकेतील ठेवीचे चार हिस्से बनुबाईस आणि पाचवा मंडळास. तो पाचवा हिस्सा पुढील अटींवर आहे. माझ्या नावाचा पुरस्कार ठेवू नये, फोटो लावू नये. तो खर्च दूरच्या अर्जदारांच्या प्रवासासाठी, सीमेवरच्या कन्नड बोलणाऱ्यांना दुभाष्या देण्यासाठी, आणि बैठक वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आणण्यासाठी करावा. ज्यांना नकार मिळेल त्या प्रत्येकाला कारण कळवावे, वाचता येत नसेल तर फोन करून. माझ्या रक्ताच्या कोणाचाही अर्ज त्या हिश्श्यातून विचारात घेऊ नये.

या कलमामुळे मंगल यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला. "मंडळाला मिळणार आणि सही मी करणार? काका, तुम्हीच शिकवताय ना आता?" मला ओशाळे वाटले आणि बरेही वाटले.

कलम ६. हे देण्याघेण्याचे नाही, तरी नोंद राहावी. गेल्या वर्षी रंगुबाईंनी पुन्हा अर्ज केला, या खेपेस फोनवर बोलून. त्यांचा गळा आता बसला आहे. गाणाऱ्या त्यांच्या पाच शिष्या. त्यांची निवड झाली नाही. मंगल यांनी स्वतः फोन करून कारणे सांगितली. मी धास्तावून धनगरवाडीला गेलो, तर रंगुबाई हसत होत्या. म्हणाल्या, "या बारीला खरं हरलो. लय बरं वाटलं. पुढच्या साली बघू त्यांच्याकडं."

यंदाही त्यांचा अर्ज आला आहे. त्यांना आणायला-सोडायला मीच गेलो होतो. मुलाखत चालू असताना मी बाहेर व्हॅनमध्ये शेंगा खात बसलो. निकाल लागायचा आहे. आत काय ठरले ते मला ठाऊक नाही, कोणी मला विचारत नाही, आणि मी विचारणारही नाही. झोप मात्र चांगली लागते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे शेजारी निवृत्त सुभेदार शंभूराज घोरपडे यांचे चिरंजीव सूरज घोरपडे यांनी करावी. त्यांना यातून काहीही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे. वरील सर्व मजकूर मी लिहिला, मोठ्याने वाचला, आणि तो मला मान्य आहे म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण: सातारा
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

सही: नाथाजी गणपत साळुंखे

साक्षीदार, ज्यांनी माझी सही होताना पाहिली आणि ज्यांना या मिळकतीतून काही मिळत नाही:

१. शंभूराज यशवंत घोरपडे, निवृत्त सुभेदार, गोडोली, सातारा
२. राहीबाई तुकाराम वाघमोडे, निवृत्त परिचारिका, गोडोली, सातारा