चौघांचा हंडा

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
दि. ११ फेब्रुवारी २०२५, सकाळ

चि. किसन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल आमच्या विवाहास पंचेचाळीस वर्षे झाली. आमच्या लेकीने, दर्शनाने, आम्हां उभयतांसाठी येथील देरा भागातील एका जपानी उपाहारगृहात जागा राखून ठेवली होती. सुमो मल्ल जो खाऊन देह कमावतात, तो ‘चांको’ तेथे मिळतो: मासे, कोंबडी, कोबी, मुळा, सारे एकाच हंड्यात रटरटणारे. तू जन्मभर तालमीत थंडाई घोटलीस, म्हणून मुद्दाम कळवतो.

हंडा चौघांचा निघाला. वाढणारा रॉयस्टन वसईचा. तो दोनदा म्हणाला की अंकल, खलास करायलाच पाहिजे असं काही नाही, राहू द्या. अन्न टाकण्याची पद्धत आमच्या घरात नाही, असे मी त्यास ऐकवले. उरलेला रस्सा तुझ्या बहिणीने, नर्मदेने, संपवला.

आज पहाटेपासून नर्मदेस धाप लागते. पावले सुजली आहेत. तिच्या हृदयासाठी डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरच पाणी ठरवून दिले आहे. ते मी मापाने देतो, कालही दिले. तेव्हा कारण हवापालट असावे. दर्शना सायंकाळी कामावरून आली की दवाखाना गाठू. पत्राचे छायाचित्र शेजारचा नीरव आत्ताच धाडीत आहे.

लोभ आहे, तो उणा होऊ नये.
सोमनाथ

विटा
११ फेब्रुवारी, दुपार

ती. दाजींना किसनचा शिरसाष्टांग नमस्कार.

दाजी, रस्सा म्हणजे पाणीच की, आणि वर मिठाचं. पैलवान तसलं खाऊन दिवसभर घाम गाळतात. दर्शनाची वाट बघू नका, आत्ताच्या आत्ता न्या.

एक विचारतो, रागावू नका. आक्का नको म्हणाली होती का? माहेरपणाला तुम्ही सोबत असलात की ती ताट पुसून जेवायची आणि मागं मोरीत जाऊन ओकायची. आईनं बघितलंय.

धाकट्याचं बोलणं पोटात घाला.
किसन

दुबई
१२ फेब्रुवारी

चि. किसन यास आशीर्वाद.

तुझे पत्र येताच शेजारच्या नीरवने गाडी काढली. फुप्फुसांत पाणी साचले आहे. वाचेल ना, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले की आज काही सांगता येत नाही.

ती नको म्हणाली होती. मी केवळ तिच्या वाडग्याकडे पाहिले. तेवढे पुरते, हे मला पंचेचाळीस वर्षे ठाऊक आहे.

आज दुपारी तिला अळणी पेज दिली. मी पडद्याआड उभा होतो. ती परिचारिकेस तुटक्या हिंदीत विनवत होती की दोन चमचे उरले आहेत, वाटी लवकर उचल, बाहेर साहेब बसले आहेत. श्वास पुरत नव्हता, तरी तिने तो त्या वाक्यासाठी खर्चला.

मी आत गेलो नाही. हे बाकावर बसून लिहीत आहे. मला पाहून ती ते दोन चमचे गिळील, याचे भय वाटते.

माझ्यावर लोभ राहिला असेल, तर मिळेल त्या विमानाने ये. आत तू जा.

सोमनाथ