भुईरिंगणीचं नाव

आई, तुला जाऊन वर्षं लोटली, पण माझा राग काही जात नाही. काल गुढियारीत, रुळांकडेच्या कोरड्या पडीत, तुझं खोकल्याचं झाड सापडलं. जमिनीलगत पसरलेलं, पानाला दोन्हीकडून सरळ पिवळे काटे, जांभळी फुलं, कलिंगडासारख्या पट्ट्यांची बोराएवढी फळं. तुझी नात फोनवर फोटो जुळवून म्हणाली, "मम्मी, ये तो नेट पे है. भटकटैया, खाँसी के लिए." खाली मराठी नावही होतं: भुईरिंगणी. गुपित म्हणे!

लहानपणी तू मला तिथंच न्यायचीस आणि रस्त्याकडेला उभी करायचीस. मी वळून बघितलं, की तू डोळे वटारायचीस. "पाठ फिरवून उभी राह्य. काहून विचारून राहिली? औषधाचं नाव घेतलं का गुण जाते." घरी यायचं ते फडक्यात बांधलेलं, मला दिसायची ती नुसती वाळलेली पूड. आपला अख्खा तात्यापारा मोहल्ला तुझा काढा पिऊन बरा झाला आणि घरच्या पोरीला साधं पान ओळखता येईना.

शेवटच्या हिवाळ्यात तुलाच दम लागला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, तरी तुझा हट्ट काढ्याचाच. मी बिनफुलांचं एक काटेरी रोप आणलं. तू देठ मोडलास, पिवळा चीक आला, तशी तू ते भिरकावलंस. "हा पिवळा धोतरा होय. मारतं का मले?" मी रडकुंडीला आले. म्हटलं, आता तरी नाव सांग. बोलता येत होतं तुला, आई. तू भिंतीकडे तोंड केलंस. कुणासाठी राखत होतीस तो गुण? तुझ्या स्वतःच्या छातीलाही तो मिळाला नाही. चार दिवसांत तू गेलीस.

मला वाटायचं, तू वहिनीला सांगितलं असशील. लेक परक्या घरची, सून आपली, हा तुझा हिशोब मला ठाऊक होता. इतकी वर्षं मी त्यावरून तिच्याशी नीट बोलले नाही. काल परतताना तिच्याकडे गेले आणि सरळ विचारलं. ती म्हणाली, "मले वाटलं, तुम्हालेच सांगितलं असन. मी तर तुमच्यावरच चिडून होती."

हे तुला कुठल्या पत्त्यावर पाठवू? पण एक सांगते. तू तिलाही सांगितलं नव्हतंस, हे ऐकून मला फार बरं वाटलं.