खिशातल्या तीन गोळ्या

आये,

सोमवारी सकाळी मी तुझ्या नातीची गोळी तिच्या हातावर न ठेवता माझ्या शर्टाच्या खिशात टाकली. तिची आई काजूच्या कारखान्यात जायला सातलाच बाहेर पडते, त्यामुळे सकाळची गोळी माझ्याकडे आणि संध्याकाळची तिच्याकडे, असं आमचं ठरलेलं. मुलगी पेला घेऊन समोर उभी होती. मी म्हटलं, डॉक्टरांनी सकाळची बंद केलीय. तिने मान डोलावली, पाणी तसंच पिऊन टाकलं आणि दप्तर उचललं. ती एसटीत चढल्यावर मी स्कूटर काढली आणि गाडीच्या मागोमाग शाळेपर्यंत गेलो. ती वर्गात शिरेपर्यंत रस्त्यापलीकडे उभा राहिलो. माझ्या भाताच्या गिरणीवर परत आलो, पण पट्टा न चढवताच शाळेच्या रस्त्याकडे बघत बसलो.

तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली, ती अकराची आहे. मागच्या वर्षी विहिरीपाशी चूळ भरताना ती पडली. डोळे फिरले, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. मी पोहोचलो तेव्हा ती विहिरीच्या कठड्यापासून हातभर अंतरावर होती. ते हातभर अंतर मला अजून दिसतं. कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, फिट आहे, गोळ्या नियमाने घ्या, एकही चुकवू नका. चार महिने काही झालं नाही. मग गेल्या महिन्यात, अंगणात दोरीवरच्या उड्या मारताना, ती पुन्हा पडली. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण वाढवलं आणि सांगितलं, असं होऊ शकतं, घाबरू नका. पण आये, मी घाबरलो. अंगणात ती दिसेनाशी झाली की मी धावत सुटतो. आंघोळीला गेली की मी दाराबाहेर उभा राहून तांब्याचा आवाज ऐकत राहतो.

अशातच खाडीपलीकडचा एक जाणकार, बाहेरची बाधा उतरवणारा, गिरणीवर आला. भात सडून होईपर्यंत बाकावर बसला. गिरण थांबल्यावर मुलीचा विषय काढून हळूच म्हणाला, "तुमच्या चेडवाक लागीर आसा. गोळये तेका दाबून ठेवतत. सकाळची बंद करा, मगे ता आपणच बोलतला. बोलला काय माका सांगा. एक काळो कोंबो तयार ठेवा." एवढंच बोलला आणि गेला. मी त्याला हाकलून दिलं नाही.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला माहीत होतं. म्हणूनच मी तुझी आठवण टाळत होतो. पण ती आलीच. चुलीपाशी तू बसली आहेस, मी आणि ताई समोर मांडी घालून. तू नारळ पाण्यात बुडवतेस, त्यावर जास्वंदीच्या दोन पाकळ्या चिकटवतेस, एक उजवीकडे, एक डावीकडे. देवळात गुरव देवाला कौल लावतो तसाच, पण घरातला, खेळातला. "आता बघा हां," तू म्हणतेस, "बापूस आज बाजारातसून खाजा हाडतलो काय नाय? उजवी पडली तर हाडतलो." उजवी पडते, आम्ही नाचतो. मग तू पुन्हा लावतेस आणि आधीच सांगतेस, "आता डावी पाडतंय." डावीच पडते. ताई तुझ्या हाताला झोंबते, "आये, तू लबाडी करतंस!" तू पदर तोंडाला लावून हसतेस आणि दाखवतेस: जी पाकळी पदराला पुसून लावली ती आधी पडते, जी ओली ती टिकते. "पाकळी देवान पाडल्यान काय माझ्या बोटान?"

दुसऱ्या वर्षी तू माळ्यावर दोन भोपळे टांगलेस आणि एकाला, दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसा, काळा दोरा बांधलास. दोरावाला आधी कुजला. तू दोरा सोडून ताईच्या हातावर ठेवलास, "भोपळो कुसलो, दोरो मात्र घट आसा. धू आणि ठेव, बटन लावूक होतलो." मला ते इतकं आवडलं की पुढच्या जत्रेत, गुरव खरोखरचा कौल लावत असताना, मी मोठ्याने हसलो. घरी आल्याबरोबर तू उंबऱ्यावर माझा कान धरलास. "मी तुका बोटाक हसूक शिकयलंय, देवाक नाय." आणि तशीच आत जाऊन दिवा लावलास, हात जोडलेस. किती वेळ डोळे मिटून उभी होतीस. त्या संध्याकाळी तू मला जे सांगितलंस ते मी मुलीलाही सांगितलं आहे, याच खेळांसकट: "जो भिती घालता आणि मगे कायतरी मागता, तेचो आधी हात बघ. देव असो भियवणा नाय."

तरी रविवारी, घरात कोणी नसताना, मी देवघरातल्या नारळावर दोन पाकळ्या लावल्या. विचारलं, सकाळची गोळी बंद करू? उजवी पडली.

सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन गोळ्या खिशात. बुधवारी मुलगी फुलं घेऊन देवघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, ह्यो कौल कोणी लावलो?" डावी पाकळी सुकून नारळालाच चिकटली होती, ती काढायची माझ्याकडून राहून गेली होती. "तू लावलस? उजवी पडली म्हणजे तुका होय व्हया होता, मां?" ती हसत होती, मी चोरी करताना सापडल्यासारखी. "काय इचारलस देवाक?"

मी खिशात हात घातला आणि गोळ्या तिच्यासमोर धरल्या. तिचं हसणं थांबलं. तिने गोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माका परत पडाक नको, बाबा," ती म्हणाली. एवढंच.

मी त्या दिवसाची गोळी तिला दिली. ती गिळेपर्यंत समोर उभा राहिलो. मग तिला स्कूटरवर बसवून कारखान्याच्या फाटकावर नेलं, तिच्या आईला बाहेर बोलावून सगळं सांगितलं. ती काजूच्या चिकाने काळे झालेले हात तसेच धरून ऐकत राहिली. "तुमका भिती वाटता, आणि माका नाय वाटणा? माझा चेडू न्हय ता?" आम्ही तिघं तसेच कुडाळला गेलो; दवाखान्यात बायको माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "संध्याकाळची चालू होती म्हणून बरं. यापुढे स्वतःच्या मनाने काही करू नका." मी हो म्हटलं.

आज जाणकार आला. मी गिरण बंद केली नाही, त्यालाच जवळ येऊन ओरडावं लागलं, "ता बोलला काय?"

"माझा चेडू बोलला," मी म्हटलं. "परत पडाक नको म्हणाला. गोळी चालू आसा. तुमी परत येव नकात."

आये, भीती गेलेली नाही. मुलगी अजून अंगणात दिसेनाशी होते आणि मी अजून धावतो. हा कागद कुठे पाठवायचा नाही, गिरणीच्या फळीवर ठेवणार आहे. बायकोला सगळं सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, पण एक गोष्ट त्यांनाही सांगितली नाही. रविवारी ती उजवी पाकळी लावण्याआधी मी शर्टाला पुसून घेतली होती.