लिफ्टवाल्याचा घोटा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार (एका पायावर उभं राहून केलेला, तेव्हा जरा जास्तच मानाचा समज). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? मी मजेत आहे. गुरुवारी प्लास्टर निघून पहिल्यांदा पाय टेकायचाय. डॉक्टर म्हणाले, घरचं माणूस बरोबर आणा. त्याची काहीतरी सोय होईल.

प्लास्टर कसलं, ते सांगायचं राहिलंच. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा तुझा भाऊ जिन्यावरून पडला. लिफ्ट मीच बंद ठेवली होती (दोर तपासायला), त्यामुळे कुणाला शिव्या देण्याचीही सोय नाही. घोटा मोडला. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसवलेत. कमरेखाली बधिर केलं होतं, पण कान शाबूत होते. स्क्रू पिळल्याचा आवाज आला आणि मला राहवेना. म्हटलं, "डॉक्टर, जरा बेतानं, आटे जातील." त्यानंतर त्यांनी मला झोपेचंही इंजेक्शन दिलं.

घरी आलो तो पाय उशांवर, बोटं हलवत राहायची, टाच टेकायची नाही. आता भेटायला येणाऱ्यांची रीघ लागणार, तेवढंच त्यांना हसू, म्हणून सोडायला आलेल्या कामावरच्या जोडीदाराकडून दारावर आमची कामाची पाटी लावून घेतली : 'दुरुस्ती चालू आहे. आत येऊ नये.' पाहुण्यांसाठी बिस्किटं आणवली. पावलं दारापर्यंत यायची, थांबायची, परत जायची. मी पडल्या पडल्या अख्ख्या इमारतीशी अबोला धरला (त्यांना पत्ताच नाही). शेवटी खिडकीत डबा ठेवणाऱ्या मावशींनी बाहेरूनच विचारलं, "अहो, रंगकाम संपणार कधी?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पाटी काढली. सगळे एकाच संध्याकाळी आले, आपापली मोडलेली हाडं सांगून, बिस्किटं संपवून गेले. त्यानंतर कुणी फिरकलं नाही. त्यांनाही कामं असतात. दिवेलागणीला भिंतीपलीकडची लिफ्ट ऐकत पडतो. कुठल्या मजल्यावर थांबली ते आवाजावरून कळतं, म्हणजे कोण घरी आलं तेही कळतं. माझं घर तळमजल्यावर, इथे लिफ्टनं कुणी येत नाही.

तू मात्र मुळीच येऊ नकोस. एवढा प्रवास तुझ्या कमरेला झेपायचा नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : वरचं वाक्य भाऊजींसाठी. ते पत्र आधी वाचतात. तू ये.

ता. क. दुसरा : घरी कोण असतं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगून बसलोय. 'ती इथेच असते,' असंही म्हणालो. फार एकटं वाटतं गं.

ता. क. तिसरा : पाय टेकताना चांगलंच दुखतं म्हणे. त्या वेळी "तरी सांगत होते, खाली बघून चालत जा," असं ओरडायला तू हवीस.