अडीच वाजताचा आकडा

११ मे, सोमवार

एकोणचाळीस पूर्णांक चार. डोक्यातून जातच नाही हा आकडा!

त्या दिवशी, २८ एप्रिलला, अडीचला हणमंतरावाला फोन केला होता. वेधशाळेत माझ्या जागी आता तो असतो. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी रोज दुपारी त्याला कमाल तापमान विचारतो — खोड, दुसरं काय! केसर पिशवी घेऊन दारात उभी. पौर्णिमेसाठी पांढरं ब्लाऊज शिवायला टाकलं होतं, ते अंबरपेठेतून आणायचं होतं. म्हणाली, "लई तापलंय ओ. उद्या सकाळी जाऊ का?"

मी म्हणालो, "एकोणचाळीस-चार. काल याच्यापेक्षा जास्त होतं. जा."

गेली. बसस्टॉपवरच कोसळली. संध्याकाळी दवाखान्यात संपलं सगळं.

मी "जा" म्हणालो, हे रूपालीला सांगितलेलं नाही. आई आपल्या मनानं गेली असं पोरीला वाटतंय. जलदान विधीला लोक म्हणाले, "तातेराव, धीर धरा." मी मान हलवली. चोर!

१२ मे

रूपाली विद्यानगरहून डबा देऊन गेली. "जेवा बाबा" — एवढंच. बसली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. कळलं की काय हिला?

१४ मे

थर्मामीटर घेऊन बसस्टॉपवर गेलो. तीन वाजता, मुद्दाम. वर पत्रा नाही, झाड नाही. पुढं डांबर, मागं सिमेंटची भिंत. छत्रीच्या सावलीत धरला — उन्हात धरला की काचच तापते, हवेचं कळत नाही. तेवढी अक्कल शिल्लक आहे अजून.

छातीच्या उंचीवर बेचाळीस-आठ. घरी येऊन हणमंतरावाला विचारलं. म्हणाला, "एकोणचाळीस-दोन, साहेब."

त्याचा आकडा खोटा नाही. तो हिरवळीवरचा, पांढऱ्या झडपांच्या पेटीतला, चार फूट उंचीवरचा. तसाच घ्यायचा असतो. चौतीस वर्षं घेतला. पण केसर काय त्या पेटीत राहत होती?

१५ मे

स्टॉपशेजारी ज्यूसवाला आहे. मी कोण ते सांगितल्यावर मशीन बंद करून बाहेर आला. "अम्मा इधरिच नीचे बैठ गए थे साब. मैं बोला अंदर आओ, छाँव में बैठो. नक्को बोले, बस आतीच."

खाली बसली होती.

परत थर्मामीटर काढला. फरशीपासून वीतभर वर — सत्तेचाळीस! लोक बघत होते. बघू देत.

१७ मे

ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला मी शिकवायचो — ऊन आधी जमीन तापवतं, मग जमीन हवा तापवते. त्याला वेळ लागतो. म्हणून बाराला नव्हे, अडीच-तीनला हवा सगळ्यात जास्त तापते. अन् जमिनीजवळची सगळ्यात जास्त.

सगळं ठाऊक होतं मला. बायकोला त्याच वेळेला घराबाहेर काढलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला तर आकड्याचाही लागला नाही.

तिचं अंग सांगत होतं तिला. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्या अंगावर विश्वास ठेवला नाही, कागदावर ठेवला. केसर गेली. मीच घालवली.

१८ मे

हणमंतरावाचा फोन. आकडा सांगायला लागला. ठेवून दिला.

२० मे

रूपाली आली, डबा ठेवला, निघाली. म्हटलं, "बस की जरा." "ऑफिस आहे बाबा." डोळे सुजलेले होते. सांगायला तोंड उघडलं अन् मिटलं. आई गेली, आता बापही जाईल तिचा. बोलायची नाही पुन्हा माझ्याशी.

२२ मे

उद्या शनिवार, तिला सुट्टी. उद्या सांगतो. शिव्या दिल्या तरी खाईन.

२३ मे

सांगितलं. सगळं. अडीचचा फोन, एकोणचाळीस-चार, "जा".

रूपाली भिंतीला टेकून खालीच बसली. मग म्हणाली, "बाबा, स्टॉपवरून आईनं मला फोन केला होता. म्हणाली, जीव घाबरतोय गं, घरी परत जाऊ का? मी मोबाईलवर बघितलं. म्हटलं, चाळीसबी नाही आई. थांब, बस येईल."