अर्धा खिळ्यांचा, अर्धा दोरीचा मांडव

शिडी पंखेवाल्या काकांची होती आणि मी तिच्यावर उभा होतो, दातांत दोरी धरून, तेव्हा त्यांनी ती मागितली. शिडी द्या म्हणाले, आत्ता. मी दातांतली दोरी न सोडता जमेल तेवढ्या शब्दांत म्हणालो की काका, मी वर आहे. ते म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा.

दादा, शालोम. तुला आणि वहिनींना नमस्कार. (हे आधी लिहायचं असतं. राहून गेलं.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं बेकरीवाल्याकडून कळलं. माझ्या सख्ख्या भावाच्या घरातली बातमी मला पाव घेताना कळते, याबद्दल माझी तक्रार नाही. पाव चांगला असतो. माझी तब्येत ठीक आहे, डावा अंगठा करवतीखाली आला होता, तोही आता जागेवर आहे. हे पत्र साडेपाचच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे, कारण माझा फोन तू उचलत नाहीस.

तर मांडव. उद्या संध्याकाळी आपला मांडवाचा सण लागतो. आठवडाभर पक्क्या घरातून उठून फांद्यांच्या छपराखाली बसायचं, वर बघितलं तर चांदणं दिसलं पाहिजे, हे तुला आठवत असेल. (नसेल तर म्हणून सांगितलं.) यंदा आमच्याकडे प्रार्थना चालवणाऱ्या मास्तरांनी डोक्यात घेतलं की दोन्ही प्रार्थनाघरांचा मिळून एकच मांडव घालायचा. गल्लीच्या या बाजूचं आमचं जुनं, त्या बाजूचं तू काढलेलं नवं, आणि मधल्या मोकळ्या जागेत एकीचा मांडव. आमच्यात सहा पुरुष उरले आहेत आणि तुझ्यात चार. तुझ्यात म्हणतो, कारण तू गावातून निघून गेलास तरी भांडण इथेच ठेवून गेलास, आणि तुझी माणसं ते रोज झाडूनपुसून वापरतात. नवीन माणूस आला की त्याला सांगतात : अकरा वर्षांपूर्वी आईच्या नावाने लावलेला दिवा छताच्या पंख्याने विझला, दादा म्हणाले पंखा काढा, पंखेवाले काका म्हणाले पंखा माझ्या वडिलांनी दिलेला आहे, आणि दादा चार जणांना घेऊन समोर गेले. गेल्या सहा वर्षांत नवीन माणूस एकच आला आणि तो मीटर बघायला आला होता. त्यालाही सांगितलं.

सुतार मी, त्यामुळे मांडव मी घालायचा हे उघडच होतं. मी नेहमीसारखे खिळे काढले. तुझा इलेक्ट्रिशियन (तू गेल्यापासून तोच तिथला मुख्य आहे आणि तुझ्यासारखाच हनुवटी वर करून बोलतो) म्हणाला, आमच्याकडे छपराला लोखंड लागलेलं चालत नाही, दोरीने बांधा. मास्तर म्हणाले, शंभर वर्षं खिळेच मारत आलो. दोन तास यावर गेले. शेवटी ठरलं की आमच्या बाजूचा अर्धा मांडव खिळ्यांनी जोडायचा आणि त्यांच्या बाजूचा दोरीने. मी तीस वर्षं या धंद्यात आहे. अर्धं ताठ आणि अर्धं लवचीक असं काही उभं राहत नाही, हे मी एकदा सांगितलं. कोणी ऐकलं नाही, आणि मीही परत सांगितलं नाही, कारण दोन्ही बाजू पहिल्यांदाच एका गोष्टीवर कबूल झाल्या होत्या. मांडव उभा राहिला. खिळ्यांची बाजू सरळ आणि दोरीची बाजू विचारात पडल्यासारखी.

मग दुपारी मास्तरांनी सणाचा आजच्या काळातला अर्थ सांगायला घेतला. मी वर दोऱ्या आवळत होतो, त्यामुळे मला सगळं ऐकावं लागलं. महाळुंगाला चव आहे, वासही आहे. खजुराला चव आहे, वास नाही. मेंदीसारख्या त्या डहाळीला वास आहे, चव नाही. वाळुंजाच्या फांदीला दोन्ही नाही. तरी चारही हातात एकत्र धरल्याशिवाय प्रार्थना होत नाही. आपलीही माणसं अशी चार तऱ्हेची, आणि यातला एक जरी सोडला तरी बाकीच्या तिघांचा उपयोग नाही. चांगलं बोलले. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला खरंच वाटलं की काहीतरी झालं.

झालं हे की प्रत्येक जण मनात वाटणी करत होता. इलेक्ट्रिशियन म्हणाला, म्हणजे मास्तर, महाळुंग आमच्या बाजूला. मास्तर म्हणाले, तसं नाही, कोणीही काहीही असू शकतो. यावर पंखेवाले काका उठले. म्हणाले, मग वाळुंज म्हणताना तुम्ही माझ्याकडे का बघत होता? मास्तर म्हणाले, मी दाराकडे बघत होतो. काका म्हणाले, दारात मी बसलोय. इलेक्ट्रिशियन म्हणाला, बघायला कशाला पाहिजे, वास नाही आणि चव नाही, दिसतंच आहे. (काका बहिरे आहेत, पण जे ऐकू नये ते त्यांना स्वच्छ ऐकू येतं.) महाळुंग व्हायला नऊ जण तयार होते. वाळुंज व्हायला एकही नाही. खरं तर मी होतो, पण मी वर होतो आणि माझ्या तोंडात दोरी होती.

काका म्हणाले, मोजा आता नऊ. आणि मग शिडी मागितली. मी खांबावरून घसरत उतरलो. तेवढ्यात ते तणतणत निघूनही गेले, शिडी तिथेच राहिली.

असो. तुम्ही दोघं जपून राहा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पहिला : तू यावंस असं मी म्हणत नाही आहे. तुझ्याशिवाय सगळं व्यवस्थित चालू आहे.

ता. क. दुसरा : उद्या सकाळी आईचा दिवस. सहा वर्षं तिच्या नावाने कद्दीश, गेलेल्या माणसासाठीची ती प्रार्थना, झालेली नाही, कारण त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि गल्लीच्या कुठल्याच बाजूला दहा भरत नाहीत. उद्या त्या मांडवात भरणार होते. मास्तरांना एकीचा अर्थ हवा होता, मला फक्त आकडा हवा होता. आता नऊ आहेत. पहाटे पाचला तुमच्याकडून बस निघते, आठला इथे येते. माझ्याशी बोलू नकोस. पंख्याकडे बघू नकोस. नुसता उभा राहा.

ता. क. तिसरा, दुसऱ्या दिवशी : पत्र इतकं लांबलं की बस गेली. आज पोस्टाने टाकतो आहे.

सकाळी वारा होता. दोरीची बाजू झुकली आणि खिळ्यांची बाजू तिच्या ओढीने फाटायला लागली, म्हणून आम्ही नऊ जण एकेक खांब धरून उभे राहिलो. काका शिडी न्यायला आले. शिडी आत होती आणि छप्पर तिच्यावर येऊ घातलं होतं. माझी शिडी मोडेल म्हणाले आणि त्यांनी दारातला खांब धरला. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी लगेच आईची कद्दीश सुरू केली. काका प्रत्येक आमेन जरा उशिरा म्हणत होते, पण म्हणत होते. संपल्यावर त्यांनी खांब सोडला, शिडी खांद्यावर घेतली आणि चालते झाले.

मांडव आम्ही नऊ जणांनी हळूच खाली उतरवला. संध्याकाळच्या आत परत उभा करायचा आहे. शिडी नाही.